बर्फाच्या कारखान्यात फ्रेंच

रात्रपाळीला साठ लाद्या मोजायच्या,
पुढचे डबे गोठेपर्यंत मग काम नाही.
कॉम्प्रेसर धडधडतो. वेंगुर्ला बंदरावर
एकच दिवा, तोही मिचमिचा.
हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर
मी क्रियापदं चालवते.

मास्तर म्हणजे इनास,
बावीस वर्षं मार्सेच्या बोटींवर कांदे चिरलेला माणूस.
त्याचं व्याकरण शाळेतलं नाही,
शिव्या खाऊन आलेलं.
पहिल्या दिवशी म्हणाला, नाकातून बोल.
पुण्याला कॉलेजात ह्याच नाकाला हसायचे.
खंय, हंय, थंय, म्हण बघू.
म्हटलं.
बस, अर्धं फ्रेंच आईनेच शिकवलंय तुला.

दुसरा धडा लिंगाचा.
दोनच आहेत. तो आणि ती.
समुद्र ती. ला मेर.
अहो, दर्या तो असतो, पुनवेला नारळ देतो त्याला.
मार्सेत नारळ देत नाहीत, इनास म्हणाला.
होडी तो. मीठ तो.
मीठ ते ना?
ते नाहीच तिथे.
पाणी, मीठ, तारू, पोर,
आमच्याकडे जे जे ओसरीवर बसलेलं,
त्याला त्यांनी कुठल्या तरी एका दारातून
आत घेऊन टाकलंय. कुठल्या, ते पाठ करायचं.
नियम? इनासने विडी झटकली.
बांगडा तो आणि सुरमई ती, हे तुला कुठल्या नियमाने कळलं?

मी घरी 'ता' आहे.
ता उठला, ता जेवला,
सत्तावीस झाली तरी, चेडू खंय गेला?
मायेनेच म्हणतात.
लग्न होईपर्यंत मुलगी मिठासारखी, पाण्यासारखी,
ती व्हायला कुंकू लागतं.
इनासने वहीत लिहिलं, एल,
आणि पेन्सिलीचं टोक माझ्याकडे वळवलं.
दुसरं काही विचारलं नाही.

तिसऱ्या धड्यात मी अडकले ती अजून अडकलेलीच आहे.
आम्हाला भूक लागते, तहान लागते, थंडी लागते,
वर्ष लागतं, होडी धक्क्याला लागते,
सगळं बाहेरून येऊन लागतं,
आपण नुसते उभे.
त्यांच्याकडे भूक असते. जे फँ.
खिशात सुटे असावेत तशी.
वयसुद्धा त्यांच्या मालकीचं.
माझ्याकडे सत्तावीस वर्षं आहेत,
हे वाक्य मी तीनदा म्हटलं
आणि कुलपाची किल्ली चाचपली.

नकार मात्र रापणीसारखा.
न ह्या दोरावर, पा त्या दोरावर,
मधे क्रियापद, तडफडत.
पण बोलताना इनास पहिला दोर सोडूनच देतो.
तिथे सगळेच सोडतात, म्हणतो,
परीक्षेत तेवढा धर.

एप्रिलात कंपनीची बाई मोबाइलवर प्रश्न विचारणार.
पगार किती, ते इनासलाही माहीत नाही.
आईला वाटतं मी हिशेब शिकते.

बर्फ ती. ला ग्लास.
आरशालाही तोच शब्द.
चार वाजता पहिली लादी डब्यातून सुटते,
दुधी, मधे बुडबुड्यांची रेघ,
चेहरा काही दिसत नाही तीत,
नुसता बल्ब.

काल भूतकाळ झाला.
जाणं, येणं, जन्मणं, मरणं,
ह्यांना 'असणं' जोडायचं, 'जवळ असणं' नाही.
ज स्वी पार्ती. मी निघाले.
बाई निघाली असेल तर शेवटी एक जास्तीचा ए.
ऐकू येत नाही, इनास म्हणाला,
बापयाने म्हटलं काय, बाईने म्हटलं काय, कानाला सारखंच.
मग लिहायचा कशाला?
त्याने खांदे उडवले, अगदी तिथल्यासारखे.

बाहेर टेम्पोचा हॉर्न. बारा लाद्या, उधारीवर.
मी आकडा टाकला, पान उलटलं,
आणि थंडीने वाकड्या झालेल्या बोटांनी
तो मुका ए
जरा मोठाच काढला.